पांढरी रेघ

खडा एवढासा. वाटाण्याहून लहान.
बर्फावर टायर धरावेत म्हणून टाकतात ती खडी,
समोरून येणाऱ्या लाकडाच्या ट्रकनं तिच्यातला एक दाणा उडवला
आणि उन्तोच्या काचेवर आधी कोळ्याचा पाय उमटला,
मग रात्रीतून, उणे एकतीसमध्ये,
भेग चालत चालत दुसऱ्या टोकाला पोचली.

काच मी बदलली. सकाळचं काम.
जुनी तारेनं कापून काढली,
चौकट खरवडली, नवा गोंद ओढला,
गॅरेजचं दार लावून ऊब राखली,
गोंदाला घाई केलेली चालत नाही.
आरशामागचा कॅमेरा त्याच्या खाचेत सरकवला.
टक् झालं. बसला.

"झालं?" उन्तोनं टोपी घातली.
नाही, म्हटलं.
गाडीला आता पुन्हा बघायला शिकवायचंय.

बिलातली नेमकी तीच ओळ त्याला खुपत होती.
"कॅमेरा तोच. गाडी तीच.
रस्ता तर माझ्या बापानं खणलाय, सोदानक्यूलापर्यंत.
शिकवायचं काय त्यात?"

काच नवी आहे ना, म्हटलं.
इथं केसभर वाकडं,
तर शंभर मीटरवर माणूसभर.
पलीकडून जाणारा ट्रक तिला अंगावर आलेला दिसेल,
अंगावर आलेला, पलीकडून जाणारा.

तो गप्प. स्टुलावर बसला.
"शरदात माझा डावा डोळा केला," म्हणाला. "मोतीबिंदू.
डॉक्टरीणबाई म्हणाली, झकास झालाय.
घरी येऊन कॉफी ओतली ती थेट कपाशेजारी.
आठवडाभर आमच्या जिन्याला एक पायरी जास्त होती.
आणि बर्फ इतका निळा असतो
हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नव्हतं."
टोपी काढून मांडीवर ठेवली.
"शिकव बाई तिला."

मग डिकी रिकामी केली, वजन नको म्हणून.
बर्फाला भोक पाडायचं गिरमिट,
रेनडिअरच्या खुराकाची दोन पोती,
आणि एकच स्की. दुसरीचं त्यानं काही सांगितलं नाही.
चारही टायरांत हवा सारखी केली,
काळ्यापांढऱ्या चौकोनांचा फळा समोर उभा केला,
दोरी धरून मध्य काढला, पुन्हा काढला.
गाडी फळ्याकडे बघत राहिली,
पहिलीतल्या पोरासारखी, न हलता.

अर्धी पास झाली.
उरलेलं रस्त्यावर, यंत्र म्हणालं:
साठच्या वेगानं चला,
दोन्ही बाजूंना स्पष्ट रेघ हवी.

रेघ. जानेवारीत.
रस्ता पांढरा, कड पांढरी, आकाशसुद्धा तसंच,
आणि उजेड जेमतेम तीन तासांचा.
दक्षिणेला मीठ टाकतात, तिकडं असेल, उन्तो म्हणाला.
चाक त्याच्याकडे, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी.
नव्वद किलोमीटर आम्ही दोघं
डोळ्यांत तेल घालून डांबर शोधत होतो.

मग एका चढावर, पुलाच्या अलीकडे,
बर्फाखालून ती निघाली: मळकी, तुटक,
खरवडल्यासारखी रेघ.
"बघ, बघ," उन्तो म्हणाला. मला नव्हे, गाडीला.
अकरा मिनिटांनी समोरचा पिवळा दिवा विझला.
त्याच्या लक्षातही आलं नाही,
तो नदीच्या निळ्याबद्दल बोलत होता.

परतताना अंधार.
दिव्यांच्या कडेला काहीतरी करडं हललं,
गाडी किंचाळली, ब्रेक स्वतःच दाबू लागली,
पण उन्तोचा पाय आधीच तिथं होता.
रेनडिअर. आमच्याकडे न बघता रस्ता ओलांडून गेलं.
पडद्यावरची लाल खूण मावळली. मोकळं, गाडी म्हणाली.

उन्तोनं इंजिन चालू ठेवलं, हात चाकावरून काढले.
"एक गेलं की मागं तीन असतात.
हे शिकवलंस का तिला?"

दुसरं आलं. मग बऱ्याच वेळानं तिसरं, लंगडत.

चौथ्याची वाट बघत आम्ही थांबलो,
नव्या काचेवर दोघांचा श्वास धरत होता.